क्लॅरनेटवाल्याचे दोन दात

लग्नाच्या पंगतीत माझ्यासमोर बसलेली माणसं तोंडावर हात ठेवून हसतात, याची मला आता सवय झाली आहे. दातांची डॉक्टर समोर असली की आपलं तोंड तपासलं जातंय असं प्रत्येकाला वाटतं. खरं सांगायचं तर ते तपासलं जातंच. गारखेड्यात दवाखाना थाटला तेव्हा समोर मोकळी मैदानं होती. आता खिडकी उघडली की समोरच्या इमारतीत कोणाकडे काय शिजतंय त्याचा वास येतो. एवढं सगळं बदललं, पण माझी खोड तशीच राहिली. माणसाचं नाव विसरते, दात विसरत नाही.

अलीकडच्या वर्षांत मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "मॅडम, कॅप बरी की व्हिनियर?" साडीच्या दुकानात काठ दाखवा म्हणावं तसं लोक हे विचारतात. मी चिडते. माझा चिडका स्वभाव गारखेड्यात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे त्याचं कोणी मनावर घेत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. व्हिनियर म्हणजे चिनीमातीचा नखाएवढा पातळ पापुद्रा. दाताची फक्त पुढची बाजू किंचित घासायची आणि त्यावर तो चिकटवायचा. कॅप म्हणजे टोपी. तिच्यासाठी दात चहूबाजूंनी तासावा लागतो, मधे नुसता खुंट उरतो आणि त्यावर टोपी बसते. टोपी दणकट असते, पापुद्रा नाजूक. पण पापुद्र्याखाली तुमचा दात बराचसा शाबूत असतो, टोपीखाली तो नावापुरता असतो. आणि दोन्हींत एक गोष्ट सारखी: जे तासलं ते गेलं. नख पुन्हा वाढतं, केस वाढतात, दाताचं कवच पुन्हा येत नाही. म्हणून हा बाजारात निवडायचा माल नाही. दात बघूनच काय ते ठरवावं लागतं.

लासूर स्टेशनच्या एका आडत्याचा मुलगा लग्नाच्या आठवड्यात मोबाईलवर कोणाचा तरी फोटो घेऊन आला होता. पुढचे आठही दात असेच पांढरेफेक करून द्या म्हणाला. त्याचे दात ठणठणीत होते, फक्त गुटख्याने पिवळे पडलेले. मी म्हटलं, साफ करून देते आणि गुटखा सोड. तो रागाने उठून गेला आणि दुसरीकडून आठ टोप्या बसवून आला. पुढच्या उन्हाळ्यात तो माझ्याकडेच आला, कारण त्याला थंड काही पिता येईना. भर मे महिन्यात तो मुलगा कोमट पाणी पीत होता. त्याला मी काय देणार? त्याचे दात आता कोणाकडेच नव्हते.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे खंडूमामा. माझ्या सगळ्या कामात ज्या दोन दातांनी माझी झोप उडवली, ते त्यांचे.

खंडूमामा आले ते गणपती उठल्यावर. पन्नाशी उलटलेले, काटक, पांढरा सदरा, आणि तोंडावर घट्ट दाबलेला रुमाल. सोबत त्यांची मुलगी सुरेखा, इथंच औषधशास्त्र शिकणारी. मामा मूळचे पैठणकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. मेंढरांमागे पावा वाजवता वाजवता शहरात आले आणि एका बँडमध्ये शिरले. गेली तीस वर्षं ते त्या बँडचे मास्तर होते. बँडमध्ये मास्तर म्हणजे क्लॅरनेटवाला. तो सूर धरतो, मग बाकीची मंडळी त्याच्या मागे जातात.

त्यांनी रुमाल काढला आणि मला पुढचे वरचे दोन दात दिसले. उजवा तिरका मोडून निम्म्याहून अधिक गेलेला, डाव्याचं खालचं टोक उडालेलं.

"कशानं मोडले?" मी विचारलं.

"वरातीत, मॅडम. उन्हाळ्यातली शेवटची वरात व्हती. नवरदेवाचा दोस्त उलटा नाचत आला अन् क्लारनेटाच्या बुडाला ढुसणी दिली. टोक तोंडात व्हतं, बसलं वर."

"उन्हाळ्यात मोडले आणि आता येताय?"

मामांनी सुरेखाकडे पाहिलं. सुरेखा म्हणाली, "घरी कुणालाच दाखवलं नाय, मॅडम. पावसाळ्यात बँडला काम नसतं, तेव्हा आम्हाला वाटलं बाबा गप्प गप्प आहेत. गणपतीत बँडच्या मालकाने वाजवायला जालन्याचा पोरगा आणला तेव्हा कळलं."

मग मामांनी स्वतःच सांगितलं. त्यांच्या बँडची एक रीत होती. खंडेनवमीला दुकानात पाट मांडून सगळी वाद्यं पुजायची. पूजा झाली की मास्तर क्लॅरनेट उचलून देवीची आरती वाजवतो, आणि त्या दिवशी जो वाजवेल तो तुळशीच्या लग्नापासून पुढच्या सगळ्या मोसमाचा मास्तर. मालकाने निरोप धाडला होता की खंडेनवमीला वाजवता आलं तर जागा तुमची, नाही तर जालन्याच्या पोराची.

"अन् मग तुम्ही?" मी विचारलं.

"मला दिव्याची गाडी देतो म्हणला."

वरातीत बँडच्या कडेने दिव्यांची गाडी ढकलत नेतात ना, ती. हे सांगताना त्यांनी रुमाल पुन्हा तोंडावर धरला होता.

मी दात तपासले. दात जिवंत आहे का हे बघायला आम्ही थंड बोळा लावतो. डाव्या दाताला लावला तसे मामा लगेच दचकले, म्हणजे तो धडधाकट होता. उजव्याला लावला आणि मी वाट बघत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी भुवई हलवली. आतली नस जिवंत होती, पण जेमतेम.

"दोन्हीला कॅप ठोका," मामा म्हणाले. "आमचा ढोलवाला म्हणला, कॅप म्हंजी लोखंड."

"नाही, दोन्हींना व्हिनियर," सुरेखा म्हणाली. "मी वाचलंय, त्यात दात कमी घासावा लागतो."

दोघंही अर्धं अर्धं बरोबर होते, आणि अर्धं बरोबर असलेल्या माणसाला समजावणं सगळ्यात अवघड असतं. मी त्यांना आरसा दिला. उजव्या दाताला पापुद्रा चिकटवायला दातच उरला नव्हता, त्याला टोपीशिवाय गत नव्हती. डाव्याचं नुसतं टोक गेलेलं, बाकी तिन्ही बाजूंनी दात सोन्यासारखा. त्याला टोपी घालायची म्हणजे चांगला दात स्वतःच्या हाताने तासून टाकायचा. त्याला व्हिनियर.

एवढं बोलून मी थांबले, कारण पुढचं मलाच माहीत नव्हतं. पापुद्रा अशक्त असतो तो त्याच्या कडेला, आणि क्लॅरनेट नेमकं त्या कडेवर टेकतं. क्लॅरनेटच्या वरच्या टोकाला कठीण काळ्या रबराची चोच असते. तिच्या खालच्या अंगाला वेताची पत्ती, आणि वरच्या अंगावर वाजवणाऱ्याचे पुढचे दोन दात रुततात. तासन् तास वाजवायचं, चालत वाजवायचं, गर्दीचे धक्के खात वाजवायचं. ऐन वरातीत पापुद्रा निघाला तर? मी शिकले त्या पुस्तकांत हॉकी खेळणारे होते, कुस्ती खेळणारे होते, क्लॅरनेट वाजवणारा कोणी नव्हता.

मी ठरवलं की आधी नमुना करायचा. दात न तासता त्यावर प्लास्टिकचा तात्पुरता आकार चढवायचा, मामांनी तो घालून वाजवायचं, आणि तो टिकला तरच दाताला मशीन लावायचं. असंही दात लगेच तासता येणार नव्हता, कारण मामा ऐकायला तयार नव्हते.

"पितरपाटात नवं काय करीत नाय आमच्यात," ते म्हणाले. "घट बसू द्या. मग कापा काय कापायचं ते."

घट बसल्यापासून खंडेनवमीपर्यंत दिवस ते किती. तासायचं, माप घ्यायचं, लॅबने दात घडवायचे, मी ते बसवायचे. मी डोक्याला हात लावला, पण गृहस्थ हलेनात. अंगात ताप असताना लग्नं वाजवलेला माणूस हा, मी काय त्याला हलवणार.

नमुन्याला मात्र त्यांची हरकत नव्हती, त्यात कापायचं काही नव्हतं; दोन दिवसांनी मी तो चढवला. बढाई मारत नाही, काम देखणं झालं होतं. दोन्ही दातांची कड एका सरळ रेषेत, चेहऱ्याला शोभेल अशी. सुरेखाने आरसा धरला आणि कितीतरी महिन्यांनी मामा हसले. मग त्यांनी पिशवीतून क्लॅरनेट काढलं, तुकडे जोडले, चोच ओठांत घेतली आणि फुंकलं.

नुसतं चिरकलं. त्यांनी ओठ सावरले, पुन्हा फुंकलं. पुन्हा तेच. बाहेर बसलेल्या पेशंटांची कुजबुज थांबली.

मला वाटलं, दात लांब झाला असेल. मी कड थोडी कमी केली. त्यांनी फुंकलं आणि आता तर चिरकणंही बंद झालं, हवेचा फस्स असा आवाज आला. मी आणखी कमी केली. तरी तेच. मामांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी क्लॅरनेट मांडीवर ठेवलं.

"सूर नाय, मॅडम. हवाच जायलीय."

"पुन्हा बघू."

"ऱ्हाऊ द्या. गाडी काय वाईट नाय. चालायचंच हाय, ते तर चालूच."

सुरेखा खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मला राग आला होता. कोणाचा, ते सांगता येणार नाही. मी शिकलेलं सगळं वापरलं होतं, दात दिसायला उत्तम होते, आणि मामा समोर हताश बसले होते.

मी त्यांच्या मांडीवरचं क्लॅरनेट उचललं ते केवळ सवयीने. दवाखान्यात तोंडात गेलेली कोणतीही वस्तू दिसली की माझा हात स्पिरिटच्या बोळ्याकडे जातो. चोच पुसत होते आणि अंगठ्याखाली काहीतरी लागलं. दोन खळगे. मी दिवा ओढला, भिंग लावलं. काळ्या रबरात शेजारी शेजारी दोन खड्डे पडले होते, उजवा उथळ आणि डावा खोल, तिरका, मधोमध उंचवटा राहिलेला.

"मामा, ही चोच कधीपासून वापरताय?"

"पहिल्यापासून. माझ्या वस्तादानं दिलेली. क्लारनेटं बदलली, ही नाय बदलली."

दातांनी चोच झिजवली होती आणि चोचेने दात. वर्षानुवर्षं दोघं एकमेकांत बसत गेले होते. मामांच्या दातांची कड मुळात सरळ नव्हतीच, तिला घळ होती, डाव्या बाजूला तर चांगली खाच. मी त्यांना सरळ, सुंदर, पुस्तकातले दात लावले होते आणि ते त्या खळग्यांत बसत नव्हते. चोच तोंडात डगमगत होती, म्हणून हवा निसटत होती.

मी मऊ मेण त्या खळग्यांत दाबलं आणि अलगद काढलं. मेणावर मामांचे जुने दात उमटले होते. उन्हाळ्यात रस्त्यावर सांडून गेलेल्या तुकड्यांची कड माझ्या हातात आली होती. एवढा आनंद मला पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

त्या मेणावरून मी नमुना नव्याने केला. कड वाकडी, खाच तशीच तिरकी. दिसायला अगदीच सुमार. मामांनी चोच तोंडात घेतली आणि त्यांचे डोळे बदलले. अजून फुंकलंही नव्हतं. मग सूर आला, भरलेला, लांब, माझ्या खोलीला मोठा होणारा. बाहेर गाल सुजलेली एक म्हातारी बसली होती. ती मोठ्याने म्हणाली, "कुनाचं लगीन हाय बाई?"

नमुना उरलेला सगळा पितरपाट टिकला. मामा रोज घरी वाजवत होते आणि डाव्या दाताची कड तसूभर हलली नव्हती. माझं ठरलं: उजव्याला टोपी, डाव्याला पापुद्रा, कड थोडी दाताच्या मागे वळवून घेतलेला.

घट बसले त्या दिवशी मी मशीन हातात घेतलं. उजवा दात खुंटापर्यंत आणला, डाव्याची पुढची बाजू जेमतेम खरवडली. वर तात्पुरते प्लास्टिकचे दात लावून मामांना घरी पाठवलं. मापं आणि ते मेण फारुखकडे गेलं. फारुख म्हणजे शहरातला माझा दात घडवणारा, माझ्याइतकाच चिडका आणि कामात माझ्याहून नेटका. तो म्हणाला, नवमीच्या आदल्या दिवशी देतो.

दिले, आणि वेळेवर दिले. डबी उघडली तर आत दोन दात मोत्यासारखे. रंग जुळलेला, चमक जिवंत. आणि दोन्हींची कड एका सरळ रेषेत.

मी फोन केला.

"फारुख, खाच कुठंय?"

"वो खाच थी क्या, मॅडम? मेरेकू लगा गर्मी में मोम बैठ गया. मैंने सीधा कर दिया. ऐसा टेढ़ा दांत जाता तो आपका नाम खराब होता ना."

एरवी मी त्याला फैलावर घेतलं असतं. त्या दिवशी नाही घेतलं, कारण त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. ऑक्टोबरचं ऊन होतं आणि मेण खरोखरच बसतं. वाकडं दिसलं की सरळ करायचं, हेच तर आम्ही दोघं जन्मभर करत आलो होतो. नवे दात घडवायला त्याला दोन दिवस लागणार होते. आमच्याकडे फक्त उद्या सकाळपर्यंतचा वेळ होता.

संध्याकाळी मामा आणि सुरेखा आले ते आणखी एक बातमी घेऊन. डाव्या दातावरचं प्लास्टिक सकाळी वाजवतानाच निघालं होतं. पुन्हा चिकटवलं तरी त्याचा भरवसा नव्हता, म्हणजे तात्पुरत्या दातांवर उद्याचा दिवस काढायची वाटही बंद झाली.

आता खाच मलाच पाडायची होती. टोपीचं काही नव्हतं, ती हातात धरून घासता येत होती आणि तिचा माल दणकट होता. प्रश्न पापुद्र्याचा होता. सुटा पापुद्रा घासायला गेलं तर तो हातातच मोडतो. दाताला पक्का चिकटला की त्याला दाताचा आधार मिळतो, मग घासता येतो. पण चिकटवला म्हणजे संपलं, तो पुन्हा सुटत नाही. आणि घासताना तडा गेला तर तिथंच फोडून काढायचा.

मी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. लपवालपवी मला जमत नाही. "मामा, तडा गेला तर उद्या तुमच्या तोंडात तो दात नसेल."

"अन् नाय घासलं तर?"

"तर दात असेल. सूर नसेल."

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. "मग इचार कशाचा करायलाव, मॅडम," ते म्हणाले आणि खुर्चीवर आडवे झाले.

मी पापुद्रा चिकटवला. टोपी घासून तात्पुरत्या सिमेंटने बसवली. सगळ्यात बारीक हिऱ्याचं टोक मशीनला लावलं आणि पाणी सोडलं. एक हलका हात फिरवायचा, थांबायचं, भिंगातून बघायचं. मामा उठून बसत, तोंड पुसत, चोच दाताला लावत, फुंकत. चिरकलं की पुन्हा आडवे. सुरेखा दिवा धरून उभी होती, प्रकाश हलला आणि मी तिला रागावले. तिने दुसऱ्या हाताने मनगट धरलं.

एकदा मामांनी घाईने चोच लावली आणि दातावर कट् असा आवाज आला. मी त्यांना आडवं करून भिंग लावलं. वरून खालपर्यंत, पुन्हा खालून वर पाहिलं. तडा नव्हता. कठीण रबर चिनीमातीवर आपटलं होतं, एवढंच. मी हातमोजे बदलायचं निमित्त करून बेसिनपाशी जरा उभी राहिले.

मग आणखी एक हात, त्यानंतर आणखी एक. खाच मेणावर होती तेवढी खोल दिसू लागली, तरी सूर फाटत होता. पापुद्रा त्या जागी इतका पातळ झाला होता की पुढचा हात फिरवू की नको हे मला कळेना. मी मामांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते. मी फिरवला.

ते उठले, चोच लावली. ती बसली, हे मला त्यांच्या खांद्यांवरून कळलं. सूर आला तेव्हा सुरेखा दिवा तसाच धरून रडत होती. मी तिला म्हटलं, दिवा खाली ठेव आता. मग मी खाचेची कड घासून गुळगुळीत केली आणि मामांना सांगितलं की उद्या पहाटेपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

पेशंटच्या घरच्या कार्याला मी जात नाही. दुसऱ्या दिवशी गेले. शहागंजकडच्या एका गल्लीत बँडचं दुकान होतं. पाटावर ढोल, ताशे, पितळी कर्णे, सगळ्यांवर झेंडूच्या माळा, मधे क्लॅरनेट. जालन्याचा मुलगाही आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. तो मामांच्या पाया पडला. मालकाने पूजा केली, नारळ वाढवला आणि दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मामा पुढे झाले, क्लॅरनेट उचललं.

आरती सुरू झाली. सगळे ऐकत होते, मी एकटी बघत होते. सूर चढला की चोच दातात आणखी रुतते. तो चढत होता आणि मी त्यांच्या ओठाखाली दिसणाऱ्या पांढऱ्या कडेवर डोळे रोखून उभी होते. कोणती आरती वाजवली असं कोणी नंतर विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. संपली तेव्हा मालकाने नारळाचा तुकडा पहिल्यांदा मामांच्या हातावर ठेवला. जालन्याचा मुलगा आपणहून त्यांच्या डाव्या बाजूला, एक पाऊल मागे जाऊन उभा राहिला. मोसमभर तो तिथंच वाजवत होता.

सगळंच काही साधलं नाही. टोपीखालचा उजवा दात वर्षभरात मेला. टोपीला मागून भोक पाडून मला त्याची नस काढावी लागली. तो वाचेल अशी मला उगाच आशा होती, आणि तो गेला याचं मला अजून वाईट वाटतं. वाजवण्यात काही फरक पडला नाही, असं मामा म्हणतात. ते मला बरं वाटावं म्हणूनही म्हणत असतील.

डावा दात अजून आहे. माझ्या सगळ्या कामातलं ते सगळ्यात चांगलं काम आणि दिसायला सगळ्यात वाईट. सुरेखाच्या लग्नाच्या फोटोत मामा मनापासून हसलेत आणि ती तिरकी खाच स्पष्ट दिसते. पाहुण्यांपैकी कोणीतरी विचारलंही, हा दात कुठल्या डॉक्टरने बसवला, म्हणजे तिथं जायला नको. सुरेखाने मला हे हसत सांगितलं, आणि मलाही हसू आलं.

पण एक धास्ती मला लागून राहिली होती. मी गेल्यावर काय? ती खाच चुकून राहिलीय असंच कोणालाही वाटणार. वाईट डॉक्टरला ती दिसणारही नाही. चांगला डॉक्टर मात्र ती पाहिली की सरळ करायला धावेल, जसा फारुख धावला. पाच मिनिटांचं काम, आणि तेही प्रेमाने केलेलं.

गेल्या महिन्यात मी खुर्ची सोडली. दवाखाना आता मीनल नावाची डॉक्टर बघते. तरुण आहे, हात हलका आहे, आणि माझ्यासारखी पेशंटवर खेकसत नाही. मामांच्या कागदावर मी खाचेबद्दल लिहून ठेवलं होतं, पण जुने कागद कोण चाळतं. मामा तपासणीला आले त्या दिवशी मी सहज तिकडे गेले होते आणि बाहेर पेशंटांच्या बाकावर बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्या बाकावर. मधल्या अर्ध्या दारातून आतलं बोलणं ऐकू येत होतं.

"मामा, पुढच्या दाताचं टोक झिजलंय हो," मीनल म्हणाली. "जिभेला टोचत असेल. बसा, आत्ता गोल करून देते."

मामा काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, तोंडात आरसा असणार. मग मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. तो आवाज मी जन्मभर काढला, पण बाहेरून कधी ऐकला नव्हता. मी उठले. दारापर्यंत चार पावलं, आणि मधे बसलेल्या पेशंटांचे पाय.

"थांबा, ताई," मामांचा आवाज आला. पिशवीची चेन ओढली गेली. लाकडाचे तुकडे एकमेकांत बसवल्याचा आवाज मला ओळखू आला. "आधी आयका. मग काय घासायचं ते घासा."

मी दाराशी पोचले तेव्हा त्यांनी वाजवायला सुरुवात केली होती. मीनल हातात मशीन धरून तशीच उभी होती, आणि तिने मशीन चालवायच्या खटक्यावरचा पाय कधीच काढला होता.